राकसकोप ते आमचा नळ

जूनचा शेवटचा आठवडा आला की बेळगावात ओळखीची दोन माणसं भाजी मंडईत भेटोत नाहीतर कपिलेश्वराच्या पायरीवर, चौकशी एकच असते : राकसकोप कितीवर आलं? शहराला पाणी पुरवणाऱ्या या धरणाच्या पातळीची मराठी पेपरांत छोटीशी बातमी असते. काल इतके फूट, आज इतके फूट, भरायला अजून इतके बाकी. २४७५ फूट म्हणजे तुडुंब, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. जलाशय भरला की दरवाजे उघडल्याचा फोटो छापून येतो आणि रविवारी माणसं पोराबाळांना घेऊन पाणी बघायला जातात. २०२३ च्या जूनमध्ये पावसानं ओढ दिली आणि पातळी डेड स्टॉककडे, म्हणजे अगदी तळाच्या साठ्याकडे, सरकली, तेव्हा शहरात दुसरा विषयच नव्हता.

या आकड्याची ओढ मला समजते. ज्यानं घागरी घेऊन टँकरमागं पळापळ केलीय, त्याला धरण भरल्याची बातमी सणासारखी वाटणारच. मी याच शहरात वाढले, इथल्याच मराठी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, आणि पातळीची बातमी मीही आधी वाचते. पण दुसरा एक आकडा मला कधी कुठल्या पेपरात, कुठल्या फलकावर, पाण्याच्या कुठल्या बिलावर दिसलेला नाही : काल आमच्या गल्लीच्या नळाला जे पाणी आलं, त्यात क्लोरीन किती शिल्लक होतं? पाणी किती आहे, ते आम्हाला फुटात सांगतात. ते पिण्यासारखं आहे का, हे सांगणारं कुणी नाही. आणि खरं सांगायचं तर विचारणारंही कुणी नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आमचं पाणी मुळात चांगलं. बैलूरच्या बाजूच्या डोंगरात मार्कंडेय उगवते, तिच्यावर साठच्या दशकात राकसकोपचं धरण झालं. शहर वाढलं, ते पाणी पुरेना, म्हणून हुक्केरी तालुक्यातल्या हिडकलहून घटप्रभेचं पाणी आणलं. ही घटप्रभा चंदगडच्या डोंगरांतून उतरते, म्हणजे आपल्या माठातलं निम्मंशिम्मं पाणी महाराष्ट्रातून येतं. सह्याद्रीच्या पावसाचं हे पाणी चवीला गोड, साबणाला फेस देणारं, डाळ लवकर शिजवणारं. पूर्वेकडे अथणी, सौंदत्तीच्या बाजूला सोयरिक झालेल्या मुली माहेरी आल्या की पहिलं कौतुक पाण्याचं करतात. तिकडं बोअरचं पाणी जड, भांड्यांवर पांढरे डाग धरणारं.

राकसकोपचं पाणी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनवरून लक्ष्मी टेकडीला चढतं आणि तिथं शुद्ध होतं. हिडकलच्या पाण्यासाठी बसवनकोळ्ळला वेगळं केंद्र आहे. वर्गात मी हे फळ्यावर काढून शिकवायची. आधी तुरटी मिसळायची, म्हणजे पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. मग वाळूच्या थरांतून गाळायचं. शेवटी क्लोरीन. मुलांना वाटायचं, क्लोरीन टाकलं की काम संपलं. खरं तर क्लोरीन दोन कामं करतं. केंद्रात असलेले जंतू मारतं, हे पहिलं. आणि थोडं मागं उरून पाण्याबरोबर प्रवास करतं, वाटेत काही शिरलंच तर त्याच्याशी झगडतं, हे दुसरं. म्हणून पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, असं सांगतं की ग्राहकाच्या नळाशी लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू अजिबात सापडू नये. ई. कोलाय माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला, तर पाण्यात मैला मिसळला आहे, एवढं नक्की.

मानकात शब्द नळाशी आहे. टेकडीवरच्या टाकीशी काय आहे, त्यानं आमच्या घरात पाणी पिणाऱ्याचं काही ठरत नाही. टेकडीपासून नळापर्यंतचा जो रस्ता आहे, खडेबाजाराखालून, गणपत गल्लीखालून, शहापूर आणि वडगावच्या बोळांमधून, तिथं पाण्याचं खरं भवितव्य ठरतं. तो रस्ता जमिनीखाली असल्यामुळं कुणी त्याचे फोटो काढत नाही.

जिथं पाणी काही तासांसाठी सुटतं आणि मग दिवसभर, कधी काही दिवस, बंद राहतं, तिथं पाइप मधल्या काळात रिकामे होतात. भरलेल्या पाइपात आतून बाहेर दाब असतो. भोक असलं तर पाणी बाहेर गळतं, वाया जातं, पण आत काही शिरत नाही. पाइप रिकामा व्हायला लागला की उलटं होतं. उतारावरचं पाणी खाली ओढलं जाताना मागं पोकळी होते, आणि शहाळ्यातली नळी जसं पाणी ओढते तसा तो पाइप भोकातून, सांध्यातून, बाहेरचं काय असेल ते आत ओढतो. बाहेर काय असतं? जुन्या गल्ल्यांत नळाचा पाइप आणि गटार शेजारी शेजारी असतात. पुष्कळ ठिकाणी पाइप गटारातूनच गेलेला असतो. पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ येतं, ते सोडून द्यायचं आणि मग भरायचं, हे आमच्या आयांनी आम्हाला शिकवलं. त्यांना दाबाचं शास्त्र ठाऊक नव्हतं, अनुभव होता. पण गढूळपणा गेला म्हणून जंतू गेले, असं होत नाही. ते दिसत नाहीत.

हे मी पुस्तकातलं म्हणून सांगत नाही. आमच्यापासून दीड तासावर, हुबळी-धारवाडला, याच प्रश्नाची फार काटेकोर तपासणी झाली आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून कर्नाटकानं बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी या शहरांच्या काही वॉर्डांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू केलं. उरलेल्या शहराला आधीसारखंच थांबून थांबून. म्हणजे एकाच शहरात, एकाच धरणाचं पाणी, दोन तऱ्हांनी लोकांपर्यंत पोचत होतं. एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन या दोघी संशोधकांनी धारवाड-हुबळीच्या नळांचे नमुने घेतले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. चोवीस तास पाणी असलेल्या भागात नळाच्या ०.७ टक्के नमुन्यांत ई. कोलाय सापडला. थांबून थांबून पाणी येणाऱ्या भागात ३१.७ टक्के नमुन्यांत. पाण्याचा उगम तोच. जे बिघडलं, ते वाटेत बिघडलं. शिवाय पाऊस पडून गेल्यावर दोन्हीकडे दूषितपणाच्या खुणा वाढत होत्या.

त्याच शहरात पुढं आणखी एका गटानं चार हजारांच्या आसपास कुटुंबांची पाहणी केली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मला मोलाची वाटलेली गोष्ट अशी, की निष्कर्ष सरळसोट नव्हते. चोवीस तास पाण्यामुळं लहान मुलांचे साधे जुलाब एकूणात कमी झालेले दिसले नाहीत. जुलाबाला वाटा पुष्कळ असतात : हात, माशा, उघडं अन्न, घरात साठवलेलं पाणी. पण टायफॉइड झालेली कुटुंबं ४२ टक्क्यांनी कमी होती, आणि गरीब घरांतल्या मुलांत रक्ताची हगवण ३७ टक्क्यांनी कमी. ज्यांच्याकडं फिल्टर नाही, उकळायला गॅस जपून वापरावा लागतो, त्यांना पाइपातल्या सुधारणेचा जास्त फायदा मिळाला. हा आकडा वाचल्यावर मी बराच वेळ वही मिटली नाही.

आमच्या गल्लीतली गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वीचा पावसाळा. आधी कोपऱ्यावरच्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा पिवळा पडला. मग समोरच्या घरातले दोघं. मग मागच्या बाजूला एक आज्जी. सकाळी बायका दारात उभ्या राहून एकमेकींना विचारायच्या, "काकू, तुमच्या पाण्याला वास येऊलाय काय?" कुणी म्हणायचं येतोय, कुणी म्हणायचं काही नाही, कालच्यासारखंच आहे. कुणी झाडपाल्याचं औषध घ्यायला गावाकडं गेलं, कुणी गळ्यात माळ घातली. मग आमच्या शेजारच्या वहिनींच्या सुनेला कावीळ झाली. तिला सातवा महिना होता.

पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांना चार-सहा आठवडे अशक्त करून सोडते. हिपॅटायटिस ई या विषाणूची कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जीवघेणी होऊ शकते. डॉक्टरांनी वहिनींना हे सांगितलं आणि त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या, बोलल्या नाहीत काही. पोरगी पुष्कळ दिवस दवाखान्यात होती. बाळ वेळेआधी झालं. दोघंही घरी आली, आज तो मुलगा शाळेत जातो, गणितात हुशार आहे. पण त्या दिवसांत त्या घरात जे काही होतं, ते मी जवळून पाहिलंय, आणि पाण्याच्या प्रश्नाकडं त्यानंतर मला दुसऱ्या कशासारखं बघता आलेलं नाही.

गल्ली खोदली तेव्हा आम्ही सगळे बघायला उभे होतो. तीन घरांचे नळाचे पाइप गटाराच्या तळातून गेले होते. जुने लोखंडी पाइप, गंजून इतके पातळ झालेले की मिस्त्रीनं पाना लावला आणि एक तुकडा हातातच आला. मी त्याला विचारलं, गटारातून का नेतात? त्यानं सरळ सांगितलं, "बाई, रस्ता फोडायचा म्हटलं की परवाना लागतोय, पैसे भरावे लागतात. गटारीतून घातलं की कुणाला इचारायला नको. आमच्या आधीच्यांनी घातलं, आम्हीबी घातलं." त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. त्या पाइपाचे पैसे घरमालकांनीच वाचवले होते, आणि त्या वेळी कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. शहराची पाणीव्यवस्था म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, तिचा शेवटचा तुकडा आपल्याच दाराशी, आपल्याच पैशानं घातलेला असतो.

मोटरचंही तसंच. पाणी कमी दाबानं येतं म्हणून एक घर नळाला थेट मोटर लावतं. मग शेजाऱ्याकडं येणारं थांबतं, म्हणून तोही लावतो. मोटर पाइपातलं पाणी ओढते, आणि पाणी पुरेसं नसेल तर गटाराचंही ओढते. प्रत्येकाला स्वतःची टाकी भरल्याचं समाधान मिळतं, आणि सगळ्या गल्लीचा पाइप शोषून घेणारा होतो. मोटर लावणाऱ्यांवर कारवाईच्या बातम्या येतात, जातात. दाब पुरेसा मिळाला तर मोटर कोण कशाला लावेल?

त्या पावसाळ्यानंतर मी वाचायला लागले आणि दिल्लीच्या साथीची हकिगत सापडली. ती माझ्या डोक्यातून जात नाही. १९५५ च्या नोव्हेंबरात यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्यातला मैला वझिराबादच्या पाणी उपसा केंद्राकडं मागं आला. तिथल्या लोकांच्या लक्षात आलं, त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं. टायफॉइड, हगवण वाढली नाही. सगळ्यांना वाटलं, निभावलं. आणि डिसेंबर-जानेवारीत शहरात काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण निघाले. जंतू मेले होते, विषाणू वाचला होता. पुढं कित्येक वर्षांनी साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कळलं, की तो हिपॅटायटिस ई असावा.

यात दोन गोष्टी आहेत. एक, क्लोरीन ओतून सगळं धुऊन निघत नाही. मैला पाण्यात येताच कामा नये. दुसरी मला जास्त भयंकर वाटते. घाण पाणी नोव्हेंबरात प्यायले, आजारी डिसेंबरात पडले. हा विषाणू शरीरात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. आमच्या गल्लीत पहिला मुलगा पिवळा पडला, तोवर महिनाभर सगळी गल्ली तेच पाणी पीत होती. माणसं आजारी पडल्यावर जाग येणारी व्यवस्था महिनाभर उशिरा जागी होते. म्हणून पाण्याची तपासणी रोज हवी, गल्लीच्या शेवटच्या नळाला हवी, आणि तिचा आकडा लोकांसमोर हवा. साथीची बातमी आल्यावर नमुने बाटलीत भरून नेले, तर त्या बाटलीत कदाचित स्वच्छ पाणीच असेल.

दूरच्या गोष्टी कशाला, निपाणीहून हाकेच्या अंतरावरच्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची साथ आली. माणसं दगावली. आपल्या जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यातल्या मुदेनूर गावात, ऑक्टोबर २०२२ मध्ये दूषित पाणी पिऊन कितीतरी माणसं आजारी पडली, तिथंही मृत्यू झाले. दोन्ही वेळा पेपरांत आठवडाभर रकाने भरले. मग धरणाच्या पातळीची बातमी पुन्हा आपल्या जागी आली.

मध्यमवर्गानं यातून आपली वाट काढली आहे, आणि याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. टिळकवाडीत असो नाहीतर हिंदवाडीत, ज्याला परवडतं त्याच्या स्वयंपाकघरात भिंतीवर आरओचं यंत्र आहे. लग्नात, बारशाला, भजनाला, वीस लिटरचे जार येतात. आरओची खरी गरज तिथं, जिथं पाण्यात क्षार जास्त आहेत. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच सांगितलं होतं, की लिटरमागं ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्याला आरओ नको. सह्याद्रीचं पाणी मुळात मऊ. त्यातले उरलेसुरले क्षारही काढून टाकायचे, आणि एक लिटर पाणी गाळताना दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं, तेही ज्या शहरात जूनमध्ये डोळ्यांत पाणी आणून ढगांकडं बघतात तिथं. ज्याला उकळणं शक्य आहे, त्यानं उकळावं. एक मिनिटभर खळखळून उकळलं की जंतू मरतात, विषाणूही मरतात.

पण यंत्र बरोबर की चूक, हा माझा मुद्दा नाही. ज्यांचं बोलणं कार्यालयात ऐकलं जातं, ज्यांना अर्ज लिहिता येतो, ज्यांच्या ओळखी आहेत, त्या सगळ्या घरांनी आपापली सोय केली. आता नळाच्या पाण्याबद्दल आग्रह धरणारं कोण उरलं? वडगाव-खासबागला कापडाच्या मागावर दिवसभर उभी असणारी माणसं, भाड्याच्या खोलीत राहणारी जोडपी, सार्वजनिक नळावर भरणाऱ्या बायका. त्यांना यंत्र परवडत नाही आणि कार्यालयात जायला रजा मिळत नाही. आमच्या घरी यंत्र आहे म्हणून आम्ही गप्प बसलो, तर पाण्याची जबाबदारी आम्ही हळूहळू त्यांच्या एकट्यांच्या गळ्यात घालतो आहोत. वहिनींच्या घरीही आता यंत्र आहे. त्या दिवसांनंतर मी त्यांना एका शब्दानं बोलणार नाही. पण त्याच वहिनी आज पाणी तपासण्यासाठीच्या गल्लीतल्या बैठकीला पहिल्या येऊन बसतात.

बैठकीबद्दल सांगायचं तर, कल्पना मला खेड्यांकडून मिळाली. खेड्यांत घरोघरी नळ देणारं केंद्राचं जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं, त्यात प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाण्याची तपासणी पेटी वापरायला शिकवायचं ठरलं. माझी एक जुनी विद्यार्थिनी खानापूर तालुक्यात नांदते. सुट्टीत भेटायला आली, तेव्हा तिनं पेटीची हकिगत सांगितली. कागदाची पट्टी, औषधाचे थेंब, रंगांचा तक्ता. तिला वर्गात रसायनशास्त्र कंटाळवाणं वाटायचं, मला पक्कं आठवतंय. आता म्हणाली, "बाई, आमच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट बघितलं आम्ही. शेणखताचा उकिरडा वरच्या अंगाला होता ना, तो हलवला." गावातल्या बाईला जर तिच्या पाण्याचं नायट्रेट माहीत असू शकतं, तर महानगरपालिकेत राहणाऱ्या बाईला तिच्या नळाचं क्लोरीन का माहीत नसावं?

करायला अवघड काहीच नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात क्लोरीन तपासायचा छोटा संच मिळतो. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो, गडद असेल तितकं जास्त. ते पाणी प्यायचं नाही, ओतून द्यायचं. मैल्याच्या खुणेसाठी त्याहून सोपी बाटली आहे. १९८२ साली के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे आपल्याच शास्त्रज्ञांनी, ती तयार केली. औषध लावलेला कागद असलेल्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं. दिवस-दोन दिवसांत पाणी काळं पडलं, तर त्यात मैल्याचा संशय धरायचा. प्रयोगशाळेच्या तपासणीची जागा ही बाटली घेत नाही, पण कुठल्या नळाचा नमुना आधी प्रयोगशाळेत न्यायचा, ते ती सांगते.

आम्ही पाणी येण्याच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी, मध्यावर आणि शेवटच्या घरात तपासायला लागलो. तोंडाशी छान पिवळा रंग यायचा. मध्यावर फिकट. शेवटच्या घरात, जिथं गल्ली उतरून नाल्याकडं जाते, तिथं पहिल्या पाण्याला काहीच रंग नाही. शेवटच्या घरातले आजोबा नळी उजेडाला धरून बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे राखण संपली की आमच्या दाराशी." आयुष्यभर शिकवलेली ही गोष्ट इतकी नेमकी मी कधी सांगितली नव्हती.

बेळगावात पाण्याबद्दल विचार करण्याची परंपरा नाही असं नाही. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. येणाऱ्या हजारो माणसांना पाणी कुठून द्यायचं, याचा विचार आधी झाला आणि टिळकवाडीच्या बाजूला मोठी विहीर खणली गेली. काँग्रेस विहीर म्हणून ती आजही ओळखतात. पुढं नव्वदच्या दशकातल्या टंचाईत शहरातल्या जुन्या विहिरींतला गाळ काढून त्या पुन्हा वापरात आणल्या. या विहिरींचं पाणी वापरायला आहे, ते फार मोठं बळ आहे. पण शहराचा मैला वाहून नेणारा बळ्ळारी नाला वडगाव, शहापूरच्या शिवारातून जातो, पावसाळ्यात तो भाताच्या पिकात पसरतो, आणि जमिनीत मुरणारं सगळं कुठं जातं ते विहिरीला विचारलं पाहिजे. तपासल्याशिवाय विहिरीचं पाणीही पिऊ नये.

नदीकाठच्यांची तऱ्हा वेगळी. वेदगंगेचं पाणी निपाणीला, कृष्णेचं चिकोडी-अथणीच्या गावांना. वरच्या अंगाच्या शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांची मळी नदीत येते, उन्हाळ्यात प्रवाह आटला की पंचगंगेत मासे मरून वर येतात आणि तीच पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. सीमेच्या वादात दोन्ही राज्यं वकील उभे करतात. नदीच्या दूषित पाण्याचे आकडे एकमेकांना रोज कळवायला वकील लागत नाही. त्यावर स्वतंत्रच लिहायला हवं.

आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्या मी इथं लिहून ठेवते, कारण दुसऱ्या गल्ल्यांनाही त्या मागता येतील. प्रत्येक वॉर्डात, पाइपाच्या शेवटच्या टोकाला, पाणी सुटेल तेव्हा क्लोरीन तपासावं. आठवड्यातून एकदा ई. कोलाय तपासावा. दोन्हींचे आकडे तारखेसह वॉर्ड कार्यालयाच्या बाहेर फलकावर लावावेत, कन्नडमध्ये आणि मराठीतही, कारण "पाणी उकळून प्या" ही सूचना घरातल्या म्हातारीला वाचता आली नाही तर ती लावून काय उपयोग? पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला हा संच द्यावा. पहाटे अंधारात चाव्या फिरवत हिंडणारा हा माणूस सगळ्यात आधी प्रत्येक गल्लीत पोचतो, कुठं गळतंय, कुठं वास येतोय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं, आणि त्याला कुणी विचारत नाही. आणि पेपरवाल्यांना विनंती, राकसकोपच्या पातळीशेजारी दोन ओळी या आकड्यांनाही द्या.

सध्या सगळ्यात तातडीची गोष्ट मात्र वेगळीच आहे. बेळगावचं नाव २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं, तेव्हापासून शहरात काँक्रीटचे रस्ते होत आहेत. चोवीस तास पाण्यासाठी नवे पाइप घालायचं कामही चालू आहे. काँक्रीट पडलं की खालचा पाइप वीस-पंचवीस वर्षं कुणी बघणार नाही. अभियंत्यांच्या नियमावलीत पिण्याच्या पाण्याचा पाइप मैल्याच्या पाइपापासून किमान तीन मीटर आडवा दूर असावा, आणि एकमेकांना छेदून जात असतील तर पाण्याचा पाइप अर्धा मीटर वर असावा, असं लिहिलं आहे. शहापूरच्या कितीतरी बोळांची रुंदीच तीन मीटर नाही. तिथं तीन मीटर दूर कसं ठेवणार? मग निदान पाण्याचा पाइप वरच्या अंगाला असला पाहिजे, गटारातून गेलेली प्रत्येक जुनी जोडणी काढलीच पाहिजे, आणि हे काँक्रीट पडायच्या आधी झालं पाहिजे.

आमच्या मागच्या गल्लीत पुढच्या आठवड्यात खोदाई आहे. वहिनींनी प्रत्येक घराला सांगून ठेवलंय, की आपापली जोडणी कुठून जाते ते चर उघडा असताना स्वतः उभं राहून बघा, फोटो काढून ठेवा. शेवटच्या घरातल्या आजोबांनी मीटरची टेप आणलीय. मुलांना मी कागदावर गल्लीचा नकाशा काढायला बसवलंय : कुठल्या घराचा पाइप कुठून, गटार कुठून, चर किती खोल. ज्यांच्या गल्लीत अजून खोदाई व्हायची आहे त्यांना बघायचं असेल तर सकाळी आठनंतर कधीही या, तोवर पाणी येऊन गेलेलं असतं आणि चर कोरडा असतो.